माणसं तेवढीच, मग मल्ल का नाहीत? हरियाणा आणि विदर्भाचा हिशेब

2011च्या जनगणनेत हरियाणाची लोकसंख्या होती 2.53 कोटी आणि विदर्भाच्या 11 जिल्ह्यांची 2.30 कोटी. म्हणजे जोड जवळपास बरोबरीची. आता टोकियो आणि पॅरिस ऑलिम्पिक बघा. कुस्तीत भारताला टोकियोत 7 आणि पॅरिसला 6, मिळून 13 जागा होत्या. विनेश फोगाट आणि अंशू मलिक दोन्ही वेळा खेळल्या, त्यामुळे माणसं 11. सगळी हरियाणाची. देशाच्या लोकसंख्येत या राज्याचा वाटा सुमारे 2.1 टक्के. त्या हिशेबानं 13 जागांतली त्यांच्या वाट्याला पाव जागासुद्धा जेमतेम येते. हा नशिबाचा खेळ म्हणता येत नाही.

पण पदकं मोजून राज्यांची तुलना करणं तितकं सरळ नाही. भारताला कुस्तीत आजवर 8 ऑलिम्पिक पदकं मिळाली. 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पहिलं आणलं, ते महाराष्ट्राचं. सुशील कुमारची 2 दिल्लीची. उरलेली 5 हरियाणाच्या मल्लांची. एवढ्याशा आकड्यात एक पदक इकडचं तिकडे झालं की टक्केवारी उलटते. त्यात रवी दहिया सोनीपत जिल्ह्याचा आणि अमन सेहरावत झज्जरचा, पण दोघंही तयार झाले दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर. मग मल्ल कोणाचा, जन्म देणाऱ्या गावाचा की घडवणाऱ्या आखाड्याचा? रेल्वे आणि सेनादलांचे राष्ट्रीय स्पर्धेत स्वतंत्र संघ असतात. नोकरी लागलेला मल्ल त्यांच्याकडून उतरतो आणि राज्याच्या तक्त्यातून गळतो.

ऑलिम्पिकच्या आकड्यात आणखी एक गोष्ट झाकली जाते. एका वजनात एका देशाचा एकच मल्ल. 2024 साली 57 किलोच्या चाचणीत अमननं रवीला हरवलं, आणि टोकियोचा रौप्यपदक विजेता घरी राहिला. हरियाणाची खरी ताकद या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवाल्यांत आहे. म्हणून राज्यं तोलायची तर 15, 17 आणि 20 वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धा घ्या, निदान 5 वर्षांच्या, आणि पहिले आठ क्रमांक मोजा. कोणी कुठे तालीम घेतली, हेही सोबत लिहा.

एवढा फरक येतो कुठून? पऱ्हाटीची दोन शेतं डोळ्यांपुढे आणा. एकातली झाडं सरासरीनं दुसऱ्यापेक्षा थोडीच उंच. बांधावरून फरक कळतही नाही. पण माणसाच्या उंचीची काठी रोवून तिच्या वरची झाडं मोजली की एका शेतात चार-पाच पट जास्त निघतात. गणितात असं: सरासरीपासून साधारण किती फरक पडतो, त्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. 1 लाख पोरांत तीन मापं वरची पोरं निघतात 135. सगळ्यांची सरासरी अर्ध्या मापानं उचलली की त्याच रेषेवर 621 होतात. चार मापांची रेषा धरली तर 3 चे 23. सामान्य पोरात दिसणारा किरकोळ फरक शिखरावर सात पट होऊन बसतो. रक्त वेगळं, दूध-तूप वेगळं असली कारणं त्यासाठी लागत नाहीत.

सरासरी उचलते ती रोजच्या जोडीनं. एका गावच्या आखाड्यात 35 ते 85 किलोची 12 पोरं आहेत आणि त्यांचे 6 वजनगट पडतात, असं धरू. प्रत्येकाला जोडीदार मिळतो एक. दोन महिन्यांत दोघांना एकमेकांचे सगळे डाव पाठ. पोरं 60 असली तर जोडीदार होतात 9, कोणी डावखुरा, कोणी एकेरी पटावर, म्हणजे समोरच्याच्या एका पायावर झेप घेणारा, कोणी ताकदीचा. इथे विदर्भाची विरळ वस्ती आड येते. 10 किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात 314 चौरस किलोमीटर बसतात. हरियाणात त्यात सुमारे 1.8 लाख माणसं राहतात, विदर्भात 74 हजार. गडचिरोलीत तर दर चौरस किलोमीटरला 74च माणसं, म्हणजे वर्तुळात 23 हजार. सायकलच्या टप्प्यात आपल्या वजनाची पोरं सापडणार कशी?

दुसरी गोष्ट माती आणि गादीची. पोळ्यानंतरच्या आमदंगलीत, म्हणजे मातीवरच्या खुल्या कुस्त्यांत, चितपट झाली तरच निकाल. पोर पोटावर दबून राहिलं की वाचलं, ही सवय दहा वर्षांत अंगात मुरते. गादीवर तीच सवय घात करते. ताबा घेतला की 2 गुण, मग भारंदाजनं, म्हणजे कमरेला विळखा घालून लोळवत, त्याची पाठ गादीकडे फिरवली की दर फेरीला 2. ताबा आणि चार फेऱ्या, झाले 10, आणि फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी म्हणजे कुस्ती संपली. हे अर्ध्या मिनिटात होऊ शकतं. 2012 साली लंडनला योगेश्वर दत्तनं कांस्यपदकाच्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही पाय मोळीसारखे आवळून त्याला असंच लोळवलं. हरियाणात या डावाला फितले म्हणतात. शिवाय मातीत लंगोटाला हात घालता येतो, गादीवर पोशाख धरला तर चूक. त्या पकडीवर उभे असलेले डाव तिथे मोडतात. दमही वेगळा लागतो: 3 मिनिटांची दोन सत्रं, मध्ये 30 सेकंद विश्रांती. मातीनं मान, पंजे, सोसण्याची ताकद मिळते. ती सोडू नये, पण दहा-बारा वर्षांच्या पोराचे आठवड्यातले निम्मे दिवस गादीवर जायला हवेत.

आणि मुली. वरच्या 11 जणांत 7 मुली आहेत. 2004 साली अथेन्सला महिला कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आली. आज 18 वजनगटांतले 6 महिलांचे आहेत. ज्या गावांनी मुलींना आखाड्यात उतरवलं, त्यांना ही दारं आधी सापडली. आपल्याकडे अजून कितीतरी आखाड्यांत मुलीला पाय ठेवू देत नाहीत. 12 पोरांच्या त्या आखाड्यात 8 मुली आल्या, तर लहान वजनांतल्या मुलांचेही सरावाचे जोडीदार वाढतात.

गादी घ्यायची तर तीही जपून. स्पर्धेची गादी 12 बाय 12 मीटरची, वर 9 मीटरचं वर्तुळ. आपल्या काळ्या मातीवर थेट फरशी घातली की गडबड होते: पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जमीन तडकते. मग गादीच्या तुकड्यांत फट पडते, पायाचं बोट तिच्यात अडकतं आणि घोटा किंवा गुडघा पिरगळतो. काळी माती काढून मुरूम भरायचा, अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर, प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा, मगच वर काँक्रीट. गादीवरचं आच्छादन सगळ्या बाजूंनी ताणून बांधायचं. रोज सरावाआधी अनवाणी चालत सांधे तपासायचे आणि सराव संपल्यावर गादी जंतुनाशकानं पुसून कोरडी करायची, नाहीतर एकाचा नायटा महिन्याभरात सगळ्या आखाड्यात फिरतो.