हॉलमध्येच जेवण, अभ्यास आणि खेळ : मुंबईच्या लहान घरांची पार्श्वभूमी

भिंतीला मिटून ठेवता येणारं टेबल, खाली खण असलेला दिवाण, दिवसा सोफा आणि रात्री पलंग. एकाच हॉलमध्ये जेवण, मुलांचा खेळ आणि ऑफिसचं काम बसवून देणाऱ्यांना सध्या भरपूर मागणी आहे. मुंबईत वाढलेल्या माणसाला यात नवलाचं फार काही वाटत नाही. तीन-तीन पिढ्या एका खोलीत राहिल्या त्या असंच सामान हलवत. फरक पडला आहे तो खोलीच्या बाहेर. पूर्वी खोलीला लागून गॅलरी किंवा बाल्कनी असायची आणि घरातली निम्मी कामं तिथे होत. ती जागा टप्प्याटप्प्याने गेली, आणि त्यात २०१२ सालच्या एका निर्णयाचा वाटा मोठा आहे.

वाड्यातल्या ओसरी-माजघराची व्यवस्था सगळ्यांना माहीत आहे. कोकणातून, देशावरून माणसं गिरणीत आली तेव्हा त्यांच्या वाट्याला ओसरीही आली नाही आणि माजघरही नाही. वाट्याला आली ती दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. २०७ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या आणि एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. या चाळींत मधून लांबलचक बोळ आणि दोन्ही बाजूंना दारं. गिरगावातल्या लाकडी चाळींना मात्र उघडी गॅलरी होती.

अशा खोलीत सकाळी अंथरुणाच्या वळकट्या कॉटवर किंवा पोटमाळ्यावर जात आणि जमीन मोकळी होई. त्याच जमिनीवर भाजी चिरली जाई, पानं मांडली जात, दुपारी शिवणाचं मशीन पुढे ओढलं जाई. पोरं या सगळ्या वेळात बाहेर असत. गॅलरीत कॅरम, बोळात क्रिकेट, रात्री गॅलरीच्या दिव्याखाली अभ्यास आणि उन्हाळ्यात पुरुषमंडळींची झोपही तिथेच किंवा गच्चीवर. १६० चौरस फुटांत आठ माणसं राहिली हे कौतुकाने सांगितलं जातं, पण ती फक्त १६० फुटांत राहत नव्हती. हे ध्यानात घेतलं नाही तर पुढच्या सगळ्या हिशेबाचा पायाच चुकतो.

घरातलं कामही जुनंच आहे. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका त्याच खोलीत रांधत, वाढत आणि राहत. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तो उद्योग आजही घराघरांत चालतो. सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ आणायचं, पोळपाटावर लाटायचं आणि उपड्या टोपलीवर पापड वाळत घालायचे. ती टोपली मांडायला उन्हा-वाऱ्याची जागा लागते. ‘वर्क फ्रॉम होम’ आपल्याकडे २०२० साली आलं असं म्हणणाऱ्यांनी या बायकांचा विचार करावा.

चाळींचं बांधकाम पुढे थांबलं. १९४७च्या भाडे नियंत्रणाने भाडी जिथल्या तिथे गोठली, मालकांना नव्या चाळी परवडेनात आणि सोसायटीचा मालकीचा फ्लॅट आला. गॅस आणि ओटा आल्यावर स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. पाटाची जागा चार खुर्च्यांच्या टेबलाने घेतली. स्वयंपाकघरात ते मावत नसे, म्हणून हॉलमध्ये भिंतीला टेकून उभं राहिलं. जेवणं आटोपली की त्याच मेणकापडावर वह्या उघडायच्या.

आता बाल्कनीकडे. १९९१च्या विकास नियमांत शहरात १.३३ आणि उपनगरांत १ एवढा एफएसआय होता, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या तेवढ्या पट बांधकाम करता येई. मजल्याच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांपर्यंतची बाल्कनी त्यात मोजली जात नसे आणि पालिकेकडे पैसे भरून ती बंदिस्तही करता येई. नियमामागचा हेतू चांगला होता, घराला थोडा उघडा भाग मिळावा हा. प्रत्यक्षात नकाशात बाल्कनी दिसे आणि ताबा मिळताना मधली भिंत नसे. आजही अनेक हॉलच्या छतात आडवी तुळई दिसते आणि तिच्या पलीकडच्या लाद्यांचा रंग वेगळा असतो. तीच जुनी बाल्कनी. डायनिंग टेबल किंवा मुलाचं अभ्यासाचं टेबल बहुतेक वेळा त्याच तीन-चार फुटांत असतं.

फ्लॉवरबेड आणि कोनाडे यांचंही तसंच झालं. झाडांसाठी दाखवलेली जागा भरणी घालून खोलीत घ्यायची आणि गिऱ्हाईकाकडून तिचे पूर्ण पैसे घ्यायचे. जानेवारी २०१२मध्ये नियम बदलले. बाल्कनी, फ्लॉवरबेड, कोनाडे सगळं एफएसआयमध्ये धरायचं ठरलं. मोबदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के जादा, ‘फंजिबल’ एफएसआय प्रीमियम भरून मिळू लागला.

या बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सवलती देण्या-न देण्याचा अधिकाऱ्यांच्या हातातला अधिकार कमी झाला, गिऱ्हाईकाची फसवणूक कमी झाली आणि पालिकेच्या तिजोरीत पैसा आला. पण प्रत्येक फूट मोजला जाणार म्हटल्यावर उघड्या जागेवर तो कोण खर्च करणार? अनेक नव्या इमारतींत हॉलच्या टोकाला थेट काचेची खिडकी आली. गैरवापर रोखायचा होता तर बाल्कनी उघडीच ठेवण्याची सक्ती करता आली असती. तपासणी अवघड म्हणून तो रस्ता सोडून दिला गेला, आणि त्याची किंमत लहान घरांतल्या मुलांनी मोजली, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या फ्लॅटवाल्यांना मुलांसाठी वेगळी खोली काढता आली. चारशे फुटांच्या घरात ती सोय कुठली?

घरखरेदीसाठीच्या २०१६च्या केंद्रीय कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, गुंता आणखी वाढवला. खरेदीच्या करारातल्या चटईक्षेत्रात, म्हणजे कार्पेट एरियात, बाल्कनी धरायची नाही, एफएसआयच्या हिशेबात मात्र ती धरायची. एकाच घराची दोन मापं. मग टाळेबंदी आली. शाळा मोबाइलवर, ऑफिस डायनिंग टेबलावर, आणि दोघांनाही एकाच वेळी शांतता हवी. त्यानंतर जाहिरातींत बाल्कनी ‘डेक’ या नावाने पुन्हा झळकू लागली, पण महागड्या घरांच्या.

पुनर्वसनाच्या घरांची चर्चा मात्र आकड्यांभोवतीच फिरत राहिली. झोपडपट्टी पुनर्वसनात १९९५ला २२५ चौरस फूट, पुढे २६९, मग ३००. बीडीडीवाल्यांना ५०० फूट कबूल झाले आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. १६० वरून ५०० ही वाढ मोठीच आहे, आणि दाराआड स्वतःचं न्हाणीघर-संडास मिळणं हा बायकांसाठी केवढा दिलासा, हे चाळीत राहिलेल्यालाच कळेल. पण बोळ गेला. टॉवरमध्ये खेळायची जागा खाली असते आणि पाच वर्षांच्या मुलाला लिफ्टने एकटं सोडता येत नाही. मोठ्या माणसाला वेळ नसेल तेव्हा खेळ हॉलमध्येच येतो, टेबलाच्या पायांमध्ये. हॉलचं माप ठरवताना या खेळाचे फूट अजून कोणत्याही नियमात धरलेले नाहीत.