हरणांसाठी काय पेराल: राय की रायग्रास?

अमेरिकेत मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया या भागात ज्यांची रानालगत चार-दोन एकर जमीन आहे, ते बरेचदा तिचा एखादा तुकडा हरणांसाठी राखतात. त्याला फूड प्लॉट म्हणतात. आपली मराठी मंडळी तिकडे जमीन घेतात तेव्हा शेजारी सल्ला देतो, ‘राय टाक’, आणि दुकानातून घरी येते रायग्रासची पिशवी. ऑक्टोबरात दोन्ही पट्टे सारखेच हिरवेगार दिसतात, त्यामुळे घोटाळा लगेच कळतही नाही. तो कळतो पुढच्या वर्षी, निस्तरणं जड जातं तेव्हा.

राय हे धान्य आहे, गव्हाच्या जवळच्या नात्यातलं. युरोपातला काळसर ब्रेड याच्याच पिठाचा. (फोडणीच्या राईशी त्याचा काही संबंध नाही.) रायग्रास हे निव्वळ गवत. लॉनसाठी आणि गुरांच्या चराईसाठी ते लावतात, आणि अमेरिकेतलं त्याचं बहुतांश बियाणं ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात तयार होतं.

पिशवी फोडून बी तळहातावर घेतलंत तर फरक समोर दिसतो. रायचा दाणा गव्हासारखा भरीव, फक्त जरा लांबट, बारीक आणि राखाडी-हिरवट. रायग्रासचं बी म्हणजे चपटं, भुसासारखं हलकं, फुंकर मारली तर उडेल असं. किलोभर रायमध्ये साधारण ४० हजार दाणे येतात, तर किलोभर रायग्रासमध्ये चार लाखांहून जास्त. म्हणून राय म्हणून रायग्रास आणलं आणि रायच्या हिशेबाने एकरी ४५ किलो फोकलं, तर वावरात गवताची सतरंजीच अंथरली जाते. तिच्यातून दुसरं काही वर येत नाही.

आपल्या डोळ्यासमोर हरीण म्हटलं की ताडोबा-पेंचच्या कुरणात चरणारं चितळ येतं. चितळ मुख्यतः गवतावर जगतं. अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण तसं नाही. त्याचं कोटीपोट, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातला मोठा कप्पा, अंगाच्या मानाने लहान, म्हणून ते निवडून निवडून खातं: रुंद पानांच्या वनस्पती, कोवळे शेंडे, ओकची फळं. जून, चिवट गवत त्याला नीट पचत नाही. कोवळी राय त्याला चालते, कारण त्या वयात तिच्या पानात पाणी आणि प्रथिनं भरपूर असतात आणि धागा कमी. रायग्रास कोवळं असताना तेही हरणं खातात, पण शेजारी क्लोव्हर (तीन-तीन पानांचं, रुंद पानाचं चारापीक), ओट किंवा राय असेल तर तिकडे फारशी वळत नाहीत.

थंडीत तर दोघांची तुलनाच नको. जमीन एक-दोन अंशांवर आली तरी राय उगवते, आणि हवा तीन-चार अंशांवर असली की वाढतही राहते. ओट हरणांना शरद ऋतूत जास्त आवडतो, पण कडक गोठण पडली की तो मरतो. राय बर्फाखाली हिरवी राहते, आणि हरणं खुरांनी बर्फ उकरून ती खातात. रानात खायला काही उरत नाही त्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या घासाला मी सगळ्यात जास्त मोल देतो. रायग्रास त्या थंडीत थबकतं, आणि उत्तरेकडे पुष्कळदा मरून जातं.

ते जगलं, तर मात्र खरा त्रास सुरू होतो. वसंतात ते मुळांचं दाट जाळं विणतं, क्लोव्हरचं पाणी आणि जागा खातं आणि भरमसाट बी झाडतं. मग दरवर्षी तेच उगवत राहतं. तणनाशकाचाही भरवसा उरलेला नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारं तण म्हणून जगात सर्वांत आधी, १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदलं गेलं ते याच कुळातलं रायग्रास. आता अमेरिकेतही असे वाण ठिकठिकाणी आहेत.

रायग्रास मुळातच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. उतारावरची माती वाहून जात असेल, जमीन घट्ट बसली असेल किंवा गुरं चारायची असतील, तर ते कामाचं आहे. हरणांच्या पट्ट्यात, आणि तेही क्लोव्हरसोबत, मी ते घालणार नाही.

पिशवीवरच्या रुबाबदार शिंगांच्या चित्रावर जाऊ नका. मागची चिठ्ठी वाचा. १९३९ च्या केंद्रीय बियाणे कायद्यामुळे एका राज्यातून दुसऱ्यात विक्रीला जाणाऱ्या बियाण्यावर कोणतं बी किती टक्के आहे आणि त्याची उगवण किती, हे छापावंच लागतं. ‘हरणांसाठी खास मिश्रण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशवीतही रायग्रास निघू शकतं, कारण ते स्वस्त असतं आणि आठवड्याभरात हिरवं दिसतं.

माझी पसंती अशी: राय एकरी २२-२५ किलो आणि सोबत पांढरा क्लोव्हर दोन-अडीच किलो, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर मध्यापर्यंत. क्लोव्हरचं बी अगदी वरवर राहू द्या, राय इंच-दीड इंच खोल. सोयाबीन उभं असेल तर पानं पिवळी पडू लागताच त्या पिकातच राय फोका. गळालेली पानं बियाण्यावर पांघरूण घालतात आणि नांगरट वाचते. जमीन थोडी आम्लधर्मी किंवा रेताड असली तरी रायचं अडत नाही, क्लोव्हरसाठी मात्र माती तपासून चुना द्यावा लागतो.

एप्रिल-मेमध्ये राय छातीएवढी होते आणि हरणं ती खायचं सोडतात. त्या वेळी पट्टा वाया गेला असं वाटून मशीन घालायची घाई करू नका. मेअखेर-जूनमध्ये माद्या पाडसं ठेवतात त्या उंच आडोशात, आणि पाडस धोका जाणवला की पळत नाही, जागीच निपचित पडून राहतं. कापणी जुलैवर ढकला. तोवर राय आपोआप वाळते, आणि खाली पसरलेल्या क्लोव्हरला ऊन मिळू लागतं.