श्रद्धाधिष्ठित बहुसांस्कृतिक प्रशिक्षण संस्था : नेतृत्व

एखाद्या धर्मपरंपरेतून उभ्या राहिलेल्या, नफा न कमावणाऱ्या आणि वेगवेगळ्या वंशांच्या, भाषांच्या व पंथांच्या माणसांना एकत्र राहायला, एकत्र काम करायला शिकवणाऱ्या संस्थांचे नेतृत्व. संस्थापक, कार्यकारी संचालक, विश्वस्त आणि प्रत्यक्ष वर्ग घेणारे प्रशिक्षक हे सगळे या नेतृत्वात मोडतात. लहान संस्थांत ही चारही कामे बहुधा एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. धर्मगुरूला अधिकार दीक्षेने मिळतो, व्यावसायिक प्रशिक्षकाला कौशल्याने. इथे दोन्ही लागतात, आणि खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. हाती आलेला हा अधिकार भरल्या वर्गात इतरांना वाटून कसा द्यायचा, हाच या संस्थांच्या शिकवणीचा गाभा आहे. नेत्याला स्वतःला हे वाटून देणे जमले नाही, तर बाकीचा अभ्यासक्रम कागदावरच राहतो.

पूर्वपीठिका

आंतरसांस्कृतिक प्रशिक्षणाचा एक प्रवाह सरकारी गरजेतून निघाला. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवत होते. परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना भाषेबरोबरच वेळ, अंतर आणि देहबोली यांचे कोणी न सांगितलेले नियमही कळले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. १९६१ मध्ये पीस कोअर या, अमेरिकी स्वयंसेवकांना परदेशी पाठवणाऱ्या सरकारी संस्थेची स्थापना झाली आणि अशा प्रशिक्षणाची गरज एकदम वाढली.

धर्मप्रेरणेचा प्रवाह वेगळ्या वाटेने आला. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी या ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेत शिकलेल्या माइल्स हॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह १९३२ मध्ये टेनेसी राज्यात हायलँडर लोकशाळा ही प्रौढांची शाळा सुरू केली. वर्णभेदाचे कायदे कडक असलेल्या त्या प्रदेशात या शाळेच्या शिबिरांत काळे आणि गोरे एका टेबलावर जेवत, एका छपराखाली राहत. ‘बहुसांस्कृतिक’ हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता, पण काम तेच होते. १९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स इथल्या एका शिबिराला आल्या होत्या; माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला त्यांनी दिलेला नकार त्याच वर्षी डिसेंबरमधला.

हायलँडरच्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांचे नाव या नोंदीत सविस्तर यायलाच हवे. त्यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनातील जॉन्स बेटावर पहिली ‘नागरिकत्व शाळा’ भरली. मतनोंदणीसाठी लागणारी साक्षरता परीक्षा काळ्या नागरिकांना पार करता यावी, हा तिचा उद्देश. शिकवायला त्यांनी मुद्दाम पेशाने शिक्षक नसलेल्या बर्निस रॉबिन्सन यांना निवडले. रॉबिन्सन केशभूषेचा व्यवसाय करत. आधी त्यांनी विद्यार्थ्यांनाच विचारले की तुम्हाला काय शिकायचे आहे, आणि धडे त्यातून ठरले. १९६१ मध्ये हा कार्यक्रम सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सकडे आला. काळ्या पाद्र्यांनी उभारलेल्या या संघटनेसाठी क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग यांनी जॉर्जियातील डॉर्चेस्टर केंद्रात गावोगावचे शिक्षक घडवले.

याच संघटनेत क्लार्क यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना एक पत्र लिहिले. प्रत्येक मोर्चाचे नेतृत्व स्वतः करू नका, ठिकठिकाणी आपापले मोर्चे नेणारी माणसे तयार करा, अशी त्यांची सूचना होती. पत्र सहकाऱ्यांसमोर वाचले गेले आणि सगळे हसले, असे क्लार्क यांनी पुढे सांगितले आहे. स्त्रियांचे म्हणणे तिथे फारसे मनावर घेतले जात नसे, हेही त्यांनी स्पष्ट नोंदवले. न्यायासाठी प्राण पणाला लावणाऱ्या संघटनेतही नेतृत्व वाटून घेणे किती जड जाते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

वर्गातील सत्ता

हाँगकाँगमध्ये जन्मलेले, अमेरिकेच्या एपिस्कोपल या प्रोटेस्टंट चर्चचे धर्मगुरू एरिक लॉ यांनी हाच प्रश्न थेट बैठकीच्या खोलीत आणला. कॅलिडोस्कोप इन्स्टिट्यूट ही त्यांनी स्थापन केलेली संस्था चर्चमधील आणि चर्चबाहेरील नेत्यांना बहुसांस्कृतिक गट चालवण्याचे शिक्षण देते. लॉ यांचे निरीक्षण साधे होते. ‘ज्याला बोलायचे आहे त्याने बोलावे’ असे म्हटले, की काही जण लगेच बोलू लागतात आणि काही जण कोणी विचारेल म्हणून थांबून राहतात. थांबणाऱ्यांना मत नसते असे नव्हे; न विचारता बोलणे त्यांच्या घरी उद्धटपणाचे मानले गेलेले असते. बोलणाऱ्यांना वाटते, हे लोक उदासीन आहेत. गप्प बसलेल्यांना वाटते, आपल्याला इथे जागा नाही. सत्तेतील अंतर कोणत्या समाजात किती स्वाभाविक मानले जाते, यावर डच समाजशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांनी केलेल्या अभ्यासाचा आधार लॉ यांनी घेतला.

त्यावर त्यांनी सुचवलेली पद्धत ‘परस्पर निमंत्रण’ अशी सांगता येईल. सूत्रधार आधी थोडक्यात बोलतो आणि मग गटातील एकाला नाव घेऊन बोलावतो. ती व्यक्ती बोलू शकते, ‘मला काही सांगायचे नाही’ म्हणू शकते किंवा ‘आत्ता नको, नंतर’ म्हणू शकते. यांपैकी काहीही केले तरी पुढच्याला निमंत्रण देण्याचा हक्क तिचाच. शेजाऱ्यालाच बोलावायचे असे बंधन नसते. वर्तुळाचा क्रम लागला की निमंत्रण नावापुरते उरते. प्रत्येकाची पाळी येईपर्यंत हे चालू राहते. वर्षानुवर्षे बैठका चालवणाऱ्यांना ही पद्धत सुरुवातीला फार संथ वाटते, कारण मधेच उत्तर देण्याची, समारोप करण्याची त्यांची सवय तिथे उपयोगाची नसते. ज्यांना एरवी विचारलेच जात नाही, त्यांच्यासाठी मात्र आपले नाव ऐकू येणे ही मोठी गोष्ट असते.

या पद्धतीमागे धर्मविचारही आहे. बायबलमधील यशया या ग्रंथात लांडगा कोकराबरोबर राहील असे चित्र आहे (११:६). लॉ यांच्या मांडणीत तिथे दोघांकडून सारखीच अपेक्षा नाही. बलवानाने सत्ता सोडायची असते आणि दुर्बळाने ती हाती घेण्याचे धैर्य करायचे असते. म्हणून एकच उपदेश सगळ्या खोलीला करून भागत नाही. कोणाला ‘थांब’ म्हणायचे आणि कोणाला ‘बोल’, हे नेत्याला दर वेळी नव्याने ओळखावे लागते.

श्रद्धेचे बळ आणि तिचा अडसर

वैविध्याला धर्मग्रंथांत आधार भरपूर आहे. कुराणात (४९:१३) माणसांचे समाज आणि कबिले एकमेकांना ओळखण्यासाठी केले, असे म्हटले आहे. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात ऐकणाऱ्या प्रत्येकाला संदेश त्याच्याच भाषेत ऐकू येतो; सर्वांची भाषा एक होत नाही. नेत्याला अशा वचनांचा मोठा उपयोग होतो. केवळ कार्यालयीन धोरण म्हणून जे ऐकले नसते, ते लोक आपल्या ग्रंथातून आलेले ऐकतात.

अडसरही तिथेच आहे. आंतरसांस्कृतिक संवादाचे अभ्यासक मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात आंतरसांस्कृतिक जाणिवेचे सहा टप्पे आहेत : नकार, बचाव, भेद लहान करणे, स्वीकार, जुळवून घेणे आणि एकात्मता. श्रद्धावान नेता बहुधा तिसऱ्या, म्हणजे भेद लहान करण्याच्या टप्प्यावर अडकतो. ‘देवापुढे सगळे सारखे’ हे वाक्य खरे असूनही वर्गात दार बंद करू शकते. ज्याला त्याच्या वर्णामुळे किंवा उच्चारामुळे वेगळे वागवले गेले, त्याने ते सांगायला तोंड उघडावे आणि समोरून हे वाक्य यावे, म्हणजे त्याचे बोलणे तिथेच संपते. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक हे वाक्य शेवटासाठी राखून ठेवतात.

‘सेवक-नेतृत्व’ या कल्पनेचेही तसेच. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये ती मांडली आणि धार्मिक संस्थांत ती झपाट्याने रुजली. अधिकार असलेल्याने सेवक व्हावे, हे ठीकच. पण ज्या समाजांवर पिढ्यान्‌पिढ्या सेवा लादली गेली, त्यांच्यातून आलेल्या स्त्रीला किंवा पुरुषाला नेता म्हणून ताठ उभे राहण्याआधीच नम्रतेचा धडा देणे अन्यायाचे ठरते.

सगळ्याच संस्था ग्रंथापासून सुरुवात करत नाहीत. इस्माइली मुस्लिम असलेल्या इबू पटेल यांनी शिकागोत उभारलेली इंटरफेथ यूथ कोअर (२०२२ पासून इंटरफेथ अमेरिका) वेगवेगळ्या धर्मांच्या तरुणांना आधी समान सेवाकार्यात एकत्र आणते. सिद्धांतांवर वाद घालण्यापेक्षा, ही सेवा करायला तुला तुझा धर्म काय सांगतो, या प्रश्नावर तिथे संवाद उभा राहतो.

कायदा

अमेरिकेत अशा बहुतेक संस्था करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या असतात. अंतिम जबाबदारी विश्वस्त मंडळाची असते आणि १९५४ पासून या संस्थांना निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराची बाजू घेता येत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने धार्मिक संस्थांना नोकरभरतीत स्वधर्मीयांना प्राधान्य देण्याची मुभा दिली. १९७२ मध्ये ती त्यांच्या सर्व कामांना लागू झाली आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. बहुसांस्कृतिकतेचे शिक्षण देणाऱ्या संस्थेने ही मुभा वापरावी का, हे विश्वस्तांनी आपसांत उघडपणे ठरवायला हवे. वर्गात सर्वांना सामावून घेण्याचे धडे आणि कचेरीत एकाच पंथाची माणसे, ही विसंगती प्रशिक्षणार्थींच्या नजरेतून सुटत नाही.

वारसा

संस्थापकानंतर काय, हा या क्षेत्रातला सर्वांत नाजूक प्रश्न. उत्तर आयर्लंडमधील कॉरीमीला समुदाय १९६५ मध्ये प्रेस्बिटेरियन धर्मगुरू रे डेव्ही यांनी स्थापन केला. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी असताना त्यांनी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरावरील बॉम्बहल्ला पाहिला होता. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांना एकत्र बसवणाऱ्या या समुदायाची धुरा २०१४ ते २०१९ या काळात पॉड्रिग ओ टूमा या कॅथलिक कवीकडे होती.

फ्रँक बुकमन या ल्यूथरन धर्मगुरूने १९३८ मध्ये सुरू केलेल्या, माणूस आतून बदलला की समाज बदलतो असे मानणाऱ्या नैतिक पुनःशस्त्रीकरण (मॉरल री-आर्मामेंट) चळवळीचा प्रवास आणखी लांबचा. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधील को येथे तिचे केंद्र उघडले, तेव्हा जर्मन कुठे आहेत असे बुकमन यांनी विचारले. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झाले होते. पुढे जर्मन आणि फ्रेंच तिथे समोरासमोर बसले. चळवळीवर बुकमन यांची छाप इतकी गडद होती, की १९६१ मध्ये ते आणि १९६५ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी पीटर हॉवर्ड वारल्यावर पुन्हा एकाच व्यक्तीकडे सूत्रे न देता सामूहिक नेतृत्वाची वाट धरली गेली. २००१ मध्ये चळवळीने ‘इनिशिएटिव्ह्ज ऑफ चेंज’ हे नाव घेतले. तिच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचे माजी प्रमुख कॉर्नेलिओ सोमारुगा होते. त्यांच्यानंतर अल्जीरियाचे मुत्सद्दी मोहम्मद साहनून आले आणि त्यांच्यानंतर राजमोहन गांधी.