हजाराचा आकडा : एबीपीएच्या निदानाची पार्श्वभूमी

अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या अ‍ॅलर्जीमुळे होणाऱ्या एबीपीए या फुप्फुसविकाराचे निकष २०२४ मध्ये नव्याने लिहिले गेले. आयजीई हे अ‍ॅलर्जीत वाढणारे रक्तातले प्रतिपिंड; निदानासाठी त्याच्या एकूण प्रमाणाची मर्यादा प्रति मिलिलिटर १००० आययूवरून (आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक) ५०० वर आली. वाचायला एवढीशी दुरुस्ती. पण दम्याचा रुग्ण या मर्यादेच्या कोणत्या बाजूला पडतो, यावर त्याचा सीटी स्कॅन होणार की नाही, त्याला स्टेरॉइडच्या गोळ्या मिळणार की नुसता पंपाचा डोस वाढणार, हे अनेक वर्षे ठरत आले आहे. निदान हुकले तर श्वासनलिका कायमच्या रुंदावतात आणि त्या पूर्ववत होत नाहीत. म्हणून या आकड्याचा इतिहास जाणून घ्यायला हवा.

'अ‍ॅलर्जी' हा शब्द १९०६ चा, व्हिएन्नातल्या एका बालरोगतज्ज्ञाने दिलेला. १९२१ मध्ये मासे न सोसणाऱ्या एका डॉक्टरचे सीरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, दुसऱ्या डॉक्टरच्या कातडीत टोचले गेले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचल्यावर गांध उठली. रक्तात काहीतरी आहे एवढे त्यातून कळले. ते नेमके काय, हे कळायला पंचेचाळीस वर्षे गेली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या सीरममधून आणि स्वीडनमध्ये मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या सीरममधून एकच प्रथिन दोन वेगळ्या नावांनी पुढे आले. १९६८ मध्ये त्याला आयजीई हे एक नाव मिळाले. मायलोमाच्या त्या रुग्णाच्या रक्तात हे प्रथिन भरपूर होते, आणि त्यामुळेच ते मोजण्याची चाचणी बनवता आली. निरोगी माणसाच्या रक्तात आयजीई हे आयजीजी या सर्वांत मुबलक प्रतिपिंडाच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास असते. तेवढ्यावर सुरुवातच झाली नसती.

एबीपीएचे पहिले वर्णन मात्र त्याआधीचे, १९५२ चे, ब्रिटनमधले. तेव्हा हाताशी होत्या त्या एक्स-रेवर जागा बदलणाऱ्या सावल्या, रक्तात वाढलेल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी आणि तपकिरी बेडके. स्किन टेस्ट आणि जेलमधल्या चाचण्यांना हळूहळू शिस्त आली.

१९७० च्या दशकात या क्षेत्रात आलेल्या संशोधकाची पहिली वर्षे बहुतेक अर्क बनवण्यात जात. बुरशी द्रव माध्यमात काही आठवडे वाढवायची, गाळायची, गाळलेला द्रव डायलिसिसने शुद्ध करायचा, मग गोठवून सुकवायचा. बुरशीचे वय बदलले की अर्कातली प्रथिने बदलत, त्यामुळे एका घाण्यातला अर्क दुसऱ्या घाण्याशी जुळत नसे. जेल चाचणीत अगारच्या थरात दोन खळगे पाडायचे, एकात सीरम, दुसऱ्यात अर्क, आणि ओलसर डब्यात दोन-तीन दिवस ठेवून मधल्या पांढऱ्या रेषा मोजायच्या; रेष म्हणजे सीरममध्ये बुरशीविरुद्धचे प्रतिपिंड असल्याची खूण. यात एक फसवी रेष येई. अ‍ॅस्परजिलसच्या अर्कातला एक घटक रुग्णाच्या रक्तातल्या सीआरपी या दाहात वाढणाऱ्या प्रथिनाशी कॅल्शियमच्या मदतीने जुळतो आणि प्रतिपिंड नसतानाही रेष दिसते. ताप किंवा जंतुसंसर्ग असलेल्या रुग्णात हे हमखास होई. उपाय सोपा होता : जेल सोडियम सायट्रेटच्या द्रावणाने धुवायचे, सायट्रेट कॅल्शियम ओढून घेते आणि खोटी रेष विरघळते. हे धुणे जिथे टाळले गेले, तिथले निकाल आज तुलनेला घेता येत नाहीत.

१९७७ मध्ये अमेरिकेतून आलेली यादी पुढे दशकानुदशके वापरात राहिली : दमा, इओसिनोफिल, तत्काळ उठणारी गांध, जेलमधल्या रेषा, वाढलेली आयजीई, एक्स-रेवरच्या सावल्या, हे सहा असतील तर निदान संभाव्य, आणि सातवे, म्हणजे मध्यभागातल्या रुंदावलेल्या श्वासनलिका, असतील तर पक्के. या रचनेत मोठा दोष होता. निदान पक्के होण्यासाठी जे लागायचे, तेच निदानाने टाळायचे होते.

खरा गुंता आकड्यात झाला, आणि त्याचे मूळ एककात आहे. एकूण आयजीई दोन प्रकारे लिहिली जाते : प्रति मिलिलिटर नॅनोग्रॅम, किंवा प्रति मिलिलिटर आययू. १ आययू म्हणजे सुमारे २.४ नॅनोग्रॅम. म्हणजे १००० नॅनोग्रॅम हे ४१७ आययू होतात आणि १००० आययू हे २४०० नॅनोग्रॅम. अमेरिकेतल्या जुन्या गटाने १००० नॅनोग्रॅम धरले; त्यांच्याच नंतरच्या लिखाणात ४१७ हा विचित्र वाटणारा आकडा येतो तो या भागाकारातून. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी २००३ मध्ये जे एकमत झाले, त्यात ठळक आजारासाठी १००० आययू आणि किमान निदानासाठी ५०० आययू होते. दोन्हीकडे 'हजार', अर्थ मात्र अडीचपट वेगळा. एकक न लिहिता 'आयजीई हजाराच्या वर' असे लिहिले की वाचणारा आपापले एकक मनात धरतो. जुन्या लेखांतल्या रुग्णसंख्या एकमेकांशी ताडून पाहणाऱ्याने आधी एकक तपासावे, हे कितीदाही सांगितले तरी कमीच.

२०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने १००० आययू निवडले. कारण समजण्यासारखे होते. तज्ज्ञांकडे येणाऱ्या दमेकऱ्यांत साधारण चौघांत एकाला अ‍ॅस्परजिलसची अ‍ॅलर्जी असते. त्यांतल्या बहुतेकांना एबीपीए नसतो. एक्झिमा आणि पोटातले कृमी एकूण आयजीई सहज वर नेतात. खालची मर्यादा घेतली तर विनाकारण सीटी आणि महिनोन्महिने स्टेरॉइड, ही भीती खरी होती. त्याच निकषांत एक सूट होती : बाकी सगळे जुळत असेल तर हजाराखालचा आकडाही चालेल. कागदावर ती होती, दवाखान्यात क्वचितच वापरली गेली. क्रमच असा होता की आधी अ‍ॅस्परजिलसविरुद्धची विशिष्ट आयजीई, ती ०.३५ च्या वर असेल तर एकूण आयजीई, आणि ती हजाराच्या वर असेल तरच आयजीजी, इओसिनोफिल आणि सीटी. ८०० आले की पुढच्या चाचण्याच होत नसत, मग बाकीचे जुळते का हे कळणार कसे?

आणि ८०० येण्याची कारणे आजाराबाहेरची असतात. दम्याचा झटका आला म्हणून आधीच स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असतात. त्यांनी एकूण आयजीई काही आठवड्यांत बरीच उतरते, इओसिनोफिल तर त्याहून लवकर. ज्या चाचणीत सीरम आणि आयजीई पकडणारी दोन्ही अभिकर्मके (चाचणीची द्रव्ये) एकाच वेळी मिसळतात, तिथे आयजीई अतिशय जास्त असेल तर निकाल उलट कमी दिसू शकतो. नमुना पातळ करून पुन्हा लावला की खरा आकडा दिसतो. उलट बाजूची चूकही होते. ओमालिझुमॅब हे आयजीईला बांधणारे औषध सुरू असलेल्या रुग्णात औषध आणि आयजीई यांची जोडी रक्तात साठते, एकूण आयजीई चढते, आणि आजार बळावल्याचा चुकीचा अर्थ निघतो. अशा रुग्णात एकूण आयजीईवरून आजाराचा माग काढता येत नाही.

२०२४ च्या निकषांत ५०० आययू आणि विशिष्ट आयजीई ०.३५ हे दोन्ही हवेत. शिवाय तिघांपैकी दोन : अ‍ॅस्परजिलसविरुद्धचे आयजीजी, प्रति मायक्रोलिटर ५०० किंवा अधिक इओसिनोफिल, किंवा सीटीवरचे जुळणारे बदल. जेलमधल्या रेषांची जागा आता यंत्रावर मोजलेल्या आयजीजीने घेतली आहे. सीटीवर पाठीच्या कण्याजवळच्या स्नायूपेक्षा जास्त घन दिसणारा कफ सापडला तर तो या आजाराचीच खूण मानला जातो. अतिनिदानाचा आक्षेप रास्त आहे, पण या चौकटीत एकट्या आयजीईवर कोणालाही औषध सुरू होत नाही. मर्यादा खाली आणण्याचा निर्णय उशिरा झाला, असेच म्हणावे लागेल.

उपचारांचा इतिहास त्यामानाने सरळ आहे. २००० मध्ये ५५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १६ आठवडे दिले. प्रतिसाद ४६ टक्के, नुसत्या प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या गोळीवर, १९. २०१६ मध्ये प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा मोठा आणि मध्यम डोस ९२ रुग्णांत ताडून पाहिला : एकीकडे किलोमागे ०.७५ मिलिग्रॅमने सुरुवात, दुसरीकडे ०.५ ने दोन आठवडे आणि मग एकाआड एक दिवस. पुढच्या काळात आजार उलटण्यात फरक दिसला नाही, दुष्परिणाम मोठ्या डोसवर जास्त. २०१८ च्या १३१ रुग्णांच्या तुलनेत एकट्या प्रेडनिसोलोनवर सगळे सुधारले, एकट्या इट्राकोनॅझोलवर ८८ टक्के. इथे एक धोका वारंवार नजरेआड होतो. इट्राकोनॅझोल यकृतातले एक विकर रोखते, त्यामुळे मिथाइलप्रेडनिसोलोन आणि पंपातले बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन ही स्टेरॉइड शरीरात साचतात. चेहरा सुजतो, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावतात. प्रेडनिसोलोनवर हा परिणाम बराच कमी. कॅप्सूल जेवणासोबत घ्यावी लागते आणि आम्लपित्ताच्या गोळ्या सुरू असतील तर ती नीट शोषली जात नाही. औषध 'लागू पडले नाही' असे लिहिण्याआधी रक्तातली पातळी पाहायला हवी.

उपचारानंतर एकूण आयजीई बहुतेकदा सामान्य पातळीवर येत नाही. ती रुग्णाच्या नव्या तळावर स्थिरावते, आणि पुढचा झटका त्या तळापेक्षा ५० टक्के वाढ व लक्षणे दोन आठवडे वाढलेली राहणे यावरून ओळखतात. म्हणून आठ आठवड्यांनी होणारी मोजणी त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने आणि अहवालावर एकक लिहून व्हावी.

जुन्या मर्यादेने मागे एक प्रश्न ठेवला आहे. २००६ मध्ये 'बुरशीच्या अ‍ॅलर्जीसह तीव्र दमा' असे वेगळे निदान सुचवले गेले, आणि एबीपीएपासून ते वेगळे करण्यासाठी एकूण आयजीई १००० आययूच्या खाली अशी अट घातली गेली. २००९ मध्ये या गटातल्या ५८ रुग्णांना ३२ आठवडे इट्राकोनॅझोल किंवा प्लासिबो दिले गेले. औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लक्षणीय सुधारले. ५०० ते १००० च्या पट्ट्यातले त्यातले काहीजण आजच्या निकषांत एबीपीएचे ठरू शकले असते. ज्यांच्या फायलींवर ते जुने निदान अजून आहे, त्यांची आयजीजी आणि सीटी तपासणी नव्याने व्हायला हवी.