लिनक्सवरील वापराच्या खुणा व उरलेल्या फाइलींची सफाई

लिनक्सच्या संगणकावर काम करताना साठत जाणारा इतिहास पुसणे आणि प्रोग्रॅम काढून टाकल्यावरही मागे राहिलेल्या फाइली हटवणे, या कामाला रोजच्या बोलण्यात ‘सफाई’ म्हणतात. अलीकडे उघडलेल्या कागदपत्रांची यादी, टर्मिनलमध्ये दिलेल्या आज्ञा, चित्रांच्या छोट्या प्रतिमा, जुन्या सेटिंग्ज, नोंदवह्या असे सगळे तिच्यात येते. सफाई करणाऱ्याचा हेतू दोनपैकी एक असतो : डिस्कवर जागा करणे किंवा आपण काय केले ते दुसऱ्याला कळू न देणे. हे दोन्ही हेतू एकाच झाडूने साधत नाहीत. गिगाबाइटच्या गिगाबाइट अडवणाऱ्या फाइलींत खासगी असे बहुधा काही नसते आणि सर्वांत बोलक्या फाइलीचा आकार काही किलोबाइटच भरतो.

उरलेल्या फाइलींचा प्रश्न मुळात मालकीचा आहे. लिनक्समध्ये प्रोग्रॅम बसवण्याचे व काढण्याचे काम पॅकेज व्यवस्थापक करतो : डेबियन व उबुंटूवर ॲप्ट, फेडोरावर डीएनएफ, आर्चवर पॅकमन. कोणत्या पॅकेजने कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंद त्याच्याकडे असते, म्हणून प्रोग्रॅम काढताना त्या फाइली तो नेमक्या उचलतो. पण प्रोग्रॅम चालू झाल्यावर वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये त्याने स्वतः तयार केलेल्या फाइली या नोंदीत कधीच येत नाहीत. डेबियनच्या घराण्यात ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ असे दोन पर्याय आहेत. रिमूव्ह केल्यावर ‘इटीसी’ या प्रणालीच्या फोल्डरमधल्या सेटिंग्ज तशाच राहतात आणि डीपीकेजी या पॅकेजे बसवणाऱ्या मूळ साधनाच्या यादीत त्या पॅकेजपुढे ‘आरसी’ ही खूण दिसते. पर्ज त्याही काढते. मात्र होम फोल्डरला पर्जही हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे. एका संगणकावर दहा जणांची खाती असतील, तर व्यवस्थापकाने एक प्रोग्रॅम काढला म्हणून दहाही जणांचे काम पुसले जाणे कोणाला चालेल?

घरातल्या या फाइली सहसा दिसत नाहीत, कारण त्यांच्या नावाची सुरुवात टिंबाने होते. टिंबाने लपण्याची ही रीत कोणी विचार करून आखलेली नव्हती. युनिक्स या लिनक्सच्या पूर्वज प्रणालीच्या निर्मात्यांच्या वर्तुळातले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये सांगितल्याप्रमाणे, फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेला ‘टिंब’ (चालू फोल्डर) आणि ‘दोन टिंबे’ (त्याच्या वरचा फोल्डर) या नोंदी वगळायच्या होत्या. पूर्ण नाव तपासण्याऐवजी फक्त पहिले अक्षर तपासण्याचा आळस झाला आणि टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल यादीतून गायब झाली. पुढे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी या फटीचा सोयीस्कर माळा केला. बहुतेक फाइल व्यवस्थापकांत कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली की हा माळा उघडतो. जुन्या संगणकावर पहिल्यांदा तो उघडणाऱ्याला सहसा धक्का बसतो.

या माळ्याला शिस्त लावण्याचा प्रयत्न फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने एक्सडीजी बेस डिरेक्टरी या नियमावलीने केला. तिच्यानुसार सेटिंग्ज ‘डॉट-कॉन्फिग’मध्ये, कायमची माहिती ‘डॉट-लोकल’च्या ‘शेअर’ फोल्डरमध्ये आणि पुन्हा तयार करता येण्याजोगी माहिती ‘डॉट-कॅश’मध्ये ठेवायची. २०२१ च्या आवृत्तीत ‘डॉट-लोकल’खाली ‘स्टेट’ या चौथ्या जागेची भर पडली. इतिहास, नोंदी, खिडकीची मांडणी असे ना सेटिंग, ना माहिती म्हणावे असे जे असते, ते तिथे. सफाई करणाऱ्याच्या दृष्टीने या विभागणीचे मोल मोठे आहे. ‘डॉट-कॅश’ रिकामे केले तर तत्त्वतः काहीच बिघडत नाही, प्रोग्रॅम पहिल्यांदा जरा हळू उघडतात इतकेच. ‘डॉट-लोकल’मध्ये मात्र डोळे झाकून हात घालू नये : पासवर्डांची किल्लीपेटी, टिपणे, खेळांची प्रगती तिथेच असते. शिवाय नियम पाळण्याची सक्ती नाही. अनेक जुने प्रोग्रॅम अजून घराच्या उंबरठ्यावरच आपले टिंबवाले फोल्डर मांडून बसतात.

इतिहासाची अडचण अशी की तो एका जागी नसतो. खिडक्या व बटणे रेखाटणारा जीटीके हा संच वापरणारे प्रोग्रॅम उघडलेल्या फाइलींची यादी ‘रिसेंटली-यूज्ड’ नावाच्या एकाच सामाईक फाइलीत लिहितात. नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये खासगीपणाच्या पानावर ही यादी बंद करता येते, पुसता येते किंवा किती दिवस ठेवायची ते ठरवता येते. पण ते बटण दाबून ‘झाले’ म्हणणारा फसतो. लिब्रेऑफिस अलीकडच्या दस्तऐवजांची यादी स्वतःच्या सेटिंग्जच्या फाइलीत वेगळी ठेवते (ती ज्या फोल्डरात असते त्याचे नाव कितीतरी आवृत्त्या उलटल्या तरी अजून ‘४’च आहे). व्हीएलसीची पाहिलेल्या चित्रफितींची यादी त्याच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलीत असते. फायरफॉक्सचा इतिहास त्याच्या प्रोफाइलमधल्या डेटाबेसमध्ये, आणि केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर फाइलींच्या वापराची नोंद करणारी सेवा आणखी वेगळी. मराठी टंकनासाठी आयबस टायपिंग बूस्टर वापरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की पुढचा शब्द सुचवता यावा म्हणून तो तुम्ही टंकलेले शब्द आपल्या डेटाबेसमध्ये जमवत असतो. नोंद न ठेवण्याची सोय त्याच्यात आहे, पण ती आपण चालू करावी लागते.

सर्वाधिक चकवणारी जागा म्हणजे लघुचित्रे. फाइल व्यवस्थापकात फोटोंचे फोल्डर उघडले की प्रत्येक फोटोची छोटी प्रत ‘डॉट-कॅश’मधल्या ‘थंबनेल्स’ फोल्डरमध्ये तयार होते : साध्या आकाराची १२८ पिक्सेलची, मोठी २५६ ची, आणि त्याहून मोठी ५१२ व १०२४ ची. प्रतीचे नाव म्हणजे मूळ फाइलीच्या पत्त्यावरून काढलेला एमडी५ सांकेतिक आकडा. त्यामुळे नावावरून काही कळत नाही. पण चित्राच्या आत मूळ फाइलीचा पूर्ण पत्ता साध्या मजकुरात लिहिलेला असतो. मूळ फोटो खोडला, कचरापेटी रिकामी केली, तरी ही प्रत काही काळ तशीच राहू शकते. १०२४ पिक्सेलच्या प्रतीला ‘लघु’ म्हणणे हे धाडसच.

टर्मिनलचा इतिहास ही दुसरी चकवी जागा. बॅश हे कवच (टर्मिनलमध्ये टंकलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) दिलेल्या आज्ञा आधी स्मरणात ठेवते आणि खिडकी बंद होताना होम फोल्डरमधल्या ‘डॉट-बॅश-हिस्टरी’ या फाइलीत लिहिते. एरवी मर्यादा ५०० ओळींची, उबुंटूच्या तयार सेटिंग्जमध्ये स्मरणात १००० आणि फाइलीत २०००. लिहिण्याची वेळ शेवटची असल्यामुळे नवशिके दोन्ही बाजूंनी फसतात. नुसती फाइल खोडली, तर टर्मिनल बंद करताना स्मरणातला इतिहास पुन्हा उतरतो. ‘हिस्टरी’ आज्ञेला ‘सी’ हा पर्याय देऊन नुसते स्मरण पुसले, तर जुनी फाइल जागच्या जागी राहते. म्हणून ‘सी’नंतर लगेच ‘डब्ल्यू’ पर्याय देऊन रिकामा इतिहास फाइलीवर लिहावा लागतो. चुकून पासवर्ड आज्ञेच्या ओळीत टंकला गेला असेल, तर ‘डी’ पर्यायाने तेवढी एकच ओळ काढून मग ‘डब्ल्यू’ द्यावे. पण खरा उपाय तो पासवर्ड बदलणे हाच. उबुंटू व डेबियनच्या तयार सेटिंग्जमध्ये आज्ञेच्या आधी एक मोकळी जागा सोडली तर ती आज्ञा इतिहासात जातच नाही. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते. झेड-शेल व फिश ही दुसरी कवचे आणि पायथन, मायएसक्यूएल, व्हिम, लेस हे प्रोग्रॅम, या प्रत्येकाची इतिहासाची वही निराळी असते.

कचरापेटीचीही नियमावली आहे. खोडलेली फाइल ‘ट्रॅश’ फोल्डरच्या ‘फाइल्स’ भागात जाते आणि तिचा मूळ पत्ता व खोडल्याची वेळ ‘इन्फो’ भागात नोंदली जाते. पेनड्राइव्हवरून खोडलेली फाइल मात्र पेनड्राइव्हवरच ‘डॉट-ट्रॅश-१०००’ अशा लपलेल्या फोल्डरात पडून राहते. यातला १००० हा आकडा म्हणजे संगणकावरच्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक. सगळे खोडले तरी पेनड्राइव्ह भरलेलाच कसा, या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा या फोल्डरात सापडते. असा पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे खोडलेल्या फाइलीही देणे.

जागेचा हिशेब करायचा तर घराबाहेर, मूळ प्रणालीत पाहावे लागते. लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या सिस्टमडीची नोंदवही ‘व्हार’ फोल्डरात साठते. तिची कमाल मर्यादा डिस्कच्या दहा टक्के आणि जास्तीत जास्त ४ गिगाबाइट असते. ‘जर्नल-सीटीएल’च्या ‘व्हॅक्यूम’ पर्यायांनी ती आकारानुसार वा काळानुसार छाटता येते. उतरवून घेतलेल्या पॅकेजांचा साठा रिकामा करा हा जुना सल्ला अजून फिरतो, पण ‘ॲप्ट’ ही आज्ञा पॅकेज बसल्यावर ती फाइल ठेवतच नाही. ठेवते ती जुनी ‘ॲप्ट-गेट’. आर्चवर मात्र पॅकमनचा साठा खरोखरच फुगतो आणि ‘पॅककॅश’ हे साधन प्रत्येक पॅकेजच्या शेवटच्या तीन आवृत्त्या ठेवून बाकीच्या काढते. स्नॅप हा ॲप बसवण्याचा वेगळा मार्ग प्रत्येक ॲपची जुनी आवृत्ती राखून ठेवतो आणि ॲप काढताना त्यातल्या माहितीची प्रतही आपणहून घेतो. ती साधारणपणे ३१ दिवस राहते. ती नको असेल तर काढतानाच पर्ज सांगावे लागते. फ्लॅटपॅक या तशाच दुसऱ्या मार्गाची मांडणी या बाबतीत सर्वांत स्वच्छ म्हणावी लागेल : प्रत्येक ॲपची माहिती ‘डॉट-व्हार’खाली त्याच्या नावाच्या एकाच फोल्डरात, आणि ॲप काढताना माहितीही काढण्याचा पर्याय.

हे सगळे एका खिडकीतून करणारे ब्लीचबिट हे मुक्त साधन अँड्र्यू झीम यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. ते पायथनमध्ये लिहिलेले आहे, आणि प्रत्येक प्रोग्रॅमसाठी काय पुसायचे याची यादी त्यात निरनिराळ्या फाइलींत दिलेली असते. २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य ट्रे गाउडी यांनी हिलरी क्लिंटन यांच्या ईमेल प्रकरणात त्याचे नाव घेतल्यावर ते एकाएकी जगभर माहीत झाले. साधन चांगले आहे, पण खोडण्याआधीचे त्यातले ‘पूर्वदर्शन’ न पाहता सगळ्या चौकोनांत खूण करणाऱ्याला साठवलेले पासवर्ड गमावून बसण्याची तयारी ठेवावी लागते.

सफाईच्या आज्ञांनी घडवलेले अपघात लिनक्सच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. २०११ मध्ये दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपसाठीच्या बंबलबी या प्रकल्पाच्या स्थापना-लिपीत (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीत) ‘यूएसआर’नंतर एक मोकळी जागा चुकून पडली. एक जुना फोल्डर खोडण्याऐवजी तिने बहुतेक प्रोग्रॅम जिथे असतात तो अख्खा ‘यूएसआर’ फोल्डर खोडला. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या खेळांच्या ॲपच्या लिपीतला दोष उघड झाला. फोल्डरचा पत्ता सापडला नाही तर तो पत्ता धरणाऱ्या चलाची (व्हेरिएबलची) किंमत रिकामी राहायची आणि खोडण्याची आज्ञा थेट प्रणालीच्या मूळ फोल्डरापासून सुरू व्हायची. जोडलेल्या बाहेरच्या डिस्कही तिच्यातून सुटत नव्हत्या. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने स्वतःच ‘भीतिदायक’ अशा अर्थाचा शेरा मारून ठेवला होता. ‘आरएम’ ही खोडण्याची आज्ञा मूळ फोल्डर खोडायला नकार देते खरी, पण पुढे तारकाचिन्ह असले की कवच मुळाखालची एकेक नावे तिच्या हाती देते आणि तो पहारा निरुपयोगी ठरतो. जून २०२४ मध्ये सिस्टमडीच्या २५६ व्या आवृत्तीत तात्पुरत्या फाइली सांभाळणाऱ्या साधनाला ‘पर्ज’ हा पर्याय मिळाला. ‘तात्पुरत्या’ या नावावर विसंबून तो चालवणाऱ्यांचे होम फोल्डर साफ झाले, कारण त्या साधनाच्या यादीत ‘होम’चीही नोंद होती. २५६.१ मध्ये यादी स्पष्टपणे सांगितल्याशिवाय हा पर्याय चालू नये अशी दुरुस्ती झाली.

खोडलेली फाइल खरोखर नाहीशी होते का, हा प्रश्न निराळा. खोडणे म्हणजे फाइलीचे नाव यादीतून काढणे. चालू असलेल्या एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडून ठेवली असेल, तर तो बंद होईपर्यंत जागाही मोकळी होत नाही. जागा मोकळी झाली तरी तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुनी अक्षरे तिथे असू शकतात. फाइलीवर अनेकदा निरर्थक माहिती लिहिणारी ‘श्रेड’ ही आज्ञा यासाठीच आहे, पण तिच्याच माहितीपत्रकात काही फाइल-व्यवस्थांवर ती निष्फळ ठरू शकते असा इशारा आहे. एसएसडीवर तर ती आणखी कमी भरवशाची, कारण ‘त्याच जागी’ लिहिलेले प्रत्यक्षात दुसऱ्याच पेशींत जाते. म्हणून संगणक विकताना होणारी धावपळ टाळायची असेल, तर लिनक्स बसवतानाच संपूर्ण डिस्क लक्स या लिनक्सच्या व्यवस्थेने कूटबद्ध करावी. तशा डिस्कच्या शीर्षभागातल्या किल्ल्या पुसल्या की उरलेल्या शेकडो गिगाबाइटांना हात लावावा लागत नाही.