दिवा मिणमिणतो, दोष जोडात

जुन्या ब्रिटिश गाडीचा हेडलाइट मिणमिणला की पहिला संशय डायनामोवर जातो. माझ्या अनुभवात दोष बहुतेकदा वायरींच्या बोटाच्या पेराएवढ्या जोडात सापडतो.

सुरुवातीच्या मोटारींच्या दिव्यांना वायर नव्हतीच. कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या अ‍ॅसिटिलीन वायूवर ते जळत. १९१२ साली कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे गाडीसोबतच दिले, आणि हळूहळू सगळीकडे वायरी आल्या. दिव्याकडून बॅटरीकडे परतीची वायर मात्र वाचवली गेली; ते काम गाडीच्या पत्र्यावर सोपवलं. ती काटकसर आजही भोवते. दिव्याच्या स्क्रूखाली गंज धरला किंवा रंगाचा हात बसला की अर्थिंग, म्हणजे ही पत्र्यातून परतीची वाट, गेलंच.

ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचं सामान बहुतेक गाड्यांत असे. तिथला नेहमीचा जोड म्हणजे बुलेट: वायरच्या टोकाला पितळेची गोळी, आणि अशा दोन गोळ्या समोरासमोर दाबून बसवायला रबरात घातलेली धातूची नळी. कारखान्यात हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा, झटपट जोडायला ही युक्ती उत्तम. आपली अ‍ॅम्बेसेडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३, म्हणून आपल्याकडचे जुने वायरमनही या गोळ्या ओळखतात.

तीसचाळीस पावसाळे काढलेला असा जोड उघडून पाहावा. रबर कडक होऊन तडकलेलं, आत हिरवी भुकटी, नळीची पकड सैल. ४८ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर ४ अँपिअर घेतो. वाटेत पाव ओहम रोध वाढला तरी जवळजवळ एक व्होल्ट तिथेच जिरतो, आणि तेवढ्याने उजेड साधारण पाव हिश्शाने घटतो.

त्यात पन्नाशीच्या दशकापर्यंतच्या वायरींवर रबर आणि वरून सुती वीण असे. निळी हेडलाइटची, लाल साइड लाइटची, काळी अर्थची ही खूण धुळीतेलाने पुसली जाते, आणि मग कुणीतरी अंदाजाने पीळ मारून काळी टेप गुंडाळतो. ती टेप दिसली की मला खरंच वाईट वाटतं. तांबं आत काळं पडलेलं असतं. त्यावर सोल्डर धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापावी, गोळी आणि नळी दोन्ही नवी घालावीत, आणि दिव्यापासून थेट चासीपर्यंत एक काळी वायर वेगळी ओढावी.