अँझस करार आणि न्यूझीलंडची अण्वस्त्रबंदी

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका यांनी १ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे केलेला संरक्षण करार ‘अँझस’ म्हणून ओळखला जातो. आपल्या बंदरांत कोणती जहाजे येऊ द्यायची, या न्यूझीलंडच्या अंतर्गत निर्णयापायी त्यातील एक बाजू निखळली. वाद ना सीमेचा होता, ना व्यापाराचा.

दक्षिण पॅसिफिकमधील मुरुरोआ प्रवाळद्वीपावरील फ्रान्सच्या अणुचाचण्यांविरुद्ध न्यूझीलंडमध्ये आधीपासूनच संताप होता. १९७३ मध्ये तेथील सरकारने निषेध म्हणून ‘ओटागो’ ही युद्धनौका एका मंत्र्यासह चाचणीक्षेत्राजवळ पाठवली होती. जुलै १९८४ मध्ये डेव्हिड लाँगी यांचा मजूर पक्ष सत्तेवर आला. अण्वस्त्रे वाहणाऱ्या वा अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजांना मज्जाव करायचा, पण करारातही राहायचे, अशी त्याची भूमिका होती.

कसोटी लागली ती ‘बुकॅनन’ या अमेरिकी विनाशिकेच्या भेटीवरून. जहाज जुने, साध्या इंधनावर चालणारे. मात्र त्यावरील पाणबुडीविरोधी क्षेपणास्त्राला अण्वस्त्र बसवता येत असे. जहाजावर अण्वस्त्रे आहेत की नाहीत, हे कधीच सांगायचे नाही, हा अमेरिकी नौदलाचा नियम. न्यूझीलंडला नेमकी तीच खात्री हवी होती. फेब्रुवारी १९८५ मध्ये परवानगी नाकारली गेली. दोन्ही सरकारे आपापल्या धोरणाशी प्रामाणिक होती, म्हणूनच तडजोडीला जागा उरली नाही.

अमेरिकेने संयुक्त सराव थांबवले आणि गुप्त माहितीचा ओघ आटवला. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रेंच हेरांनी ऑकलंड बंदरात ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे ‘रेनबो वॉरियर’ हे जहाज स्फोटाने बुडवले. एक छायाचित्रकार मृत्युमुखी पडला. या हल्ल्याने न्यूझीलंडचे लोकमत अधिकच ठाम झाले. ऑगस्ट १९८६ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांनी न्यूझीलंडच्या संरक्षणाची बांधिलकी अमेरिकेवर उरली नसल्याचे जाहीर केले. ऑस्ट्रेलियाने मात्र दोघांशीही स्वतंत्र संबंध जपले, आणि करार कागदावर आजही जिवंत आहे.

१९८७ च्या कायद्याने बंदी पक्की झाली. जहाजावर अण्वस्त्रे नाहीत अशी पंतप्रधानांची स्वतःची खात्री पटली, तर ते परवानगी देऊ शकतात, ही त्यातील तरतूद मला फार सुज्ञपणाची वाटते: समोरच्याला कबुली द्यायला भाग पाडावे लागत नाही. १९९० मध्ये विरोधी नॅशनल पक्षानेही हे धोरण स्वीकारले. याच तरतुदीमुळे नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘सॅम्पसन’ ही अमेरिकी विनाशिका येऊ शकली, आणि भूकंपग्रस्त कायकौराच्या मदतीला गेली. ऑस्ट्रेलियाच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या नियोजित पाणबुड्यांनाही न्यूझीलंडच्या हद्दीत प्रवेश नाही, हे तत्कालीन पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी २०२१ मध्ये स्पष्ट केले.